‘किती मुलं घ्याल?’ हा प्रश्न शेवटी विचारा: विद्यापीठाच्या इंटर्नशिपसाठी कंपन्या कशा जोडाव्यात

विद्यापीठाच्या इंटर्नशिप कक्षातून कंपनीला पहिला फोन जातो तेव्हा बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: ‘आमची किती मुलं घ्याल?’ पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर लगेच तीन गोष्टी येतात. या मुलांना बसवायचं कुठे, द्यायचं काय आणि त्यांच्यामागे कोणाला गुंतवायचं? मग उत्तर येतं, ‘ईमेल करा, बघतो.’ हा नकारच असतो, फक्त सभ्य भाषेतला.

तोच फोन ‘कोणतं काम तुमच्याकडे सहा महिन्यांपासून पडून आहे?’ असा सुरू झाला तर समोरचा माणूस बोलू लागतो. पडून राहिलेलं काम प्रत्येकाकडे असतं आणि त्याबद्दल तक्रार करायला सगळ्यांनाच आवडतं. पुढची सगळी पद्धत या एका बदलावर उभी आहे: आधी काम शोधायचं, मग त्या कामाला विद्यार्थी.

शब्दांचा एक खुलासा आधीच करून टाकू. मराठीत बोलताना ‘प्लेसमेंट’ म्हणजे नोकरी लागणं असाच अर्थ घेतला जातो. इथे विषय आहे तो इंटर्नशिपचा, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, श्रेयांकांसह (क्रेडिट्ससह), काही आठवडे किंवा महिने प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवण्याचा. कंपनीशी बोलतानाही हा फरक पहिल्याच मिनिटात सांगा. नाहीतर समोरच्याला वाटतं की तुम्ही नोकऱ्या मागायला आला आहात.

नकारामागचं गणित

कंपन्या पैशामुळे नाही म्हणतात, असा विद्यापीठांचा समज असतो. विद्यावेतनाचा प्रश्न असतोच, पण खरी टंचाई असते ती विद्यार्थ्यावर देखरेख करणाऱ्या कंपनीतल्या माणसाच्या, म्हणजे मार्गदर्शकाच्या वेळेची. हा वेळ किती, ते आकड्यांत मांडून दाखवा. १२ आठवडे, आठवड्याला ३५ तास, म्हणजे विद्यार्थ्याचे ४२० तास. मार्गदर्शकाचे पहिले दोन आठवडे रोज एक तास धरा, म्हणजे १० तास. पुढचे दहा आठवडे आठवड्याला अडीच तास, म्हणजे २५. शेवटचं मूल्यमापन आणि काम ताब्यात घेणं यासाठी ५. एकूण ४० तास. विद्यार्थ्याचे पहिले तीन आठवडे, म्हणजे १०५ तास, जागा, माणसं आणि पद्धती समजून घेण्यात जातात असं माना. तरी ३१५ तासांचं काम उरतं.

आता हेच गणित चार आठवड्यांना लावून पाहा. विद्यार्थ्याचे १४० तास, त्यातले १०५ शिकण्यात गेले. उरले ३५. मार्गदर्शकाचे मात्र जवळपास २० तास खर्च झाले. चार आठवड्यांची इंटर्नशिप कंपनीला नकोशी का वाटते, हे इथेच दिसतं. अशा मुलांना मग कोपऱ्यात बसवून जुन्या फायली वाचायला देतात. आठ आठवडे ही कंपनीच्या दृष्टीने किमान मर्यादा धरा, १२ ते १६ आठवडे उत्तम. अभ्यासक्रमात तेवढी जागा नसेल तर कंपन्यांच्या मागे लागण्याआधी अभ्यास मंडळाच्या मागे लागावं लागेल. त्याला पर्याय नाही.

हे आकडे सरासरी अंदाजाचे आहेत. तुमच्या क्षेत्रानुसार बदला. प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात देखरेख जास्त लागते, संगणकाच्या कामात दुसऱ्या महिन्यानंतर कमी. पण कंपनीसमोर ‘काही वेळ द्यावा लागणार नाही’ असं म्हणू नका. मार्गदर्शक पहिल्याच आठवड्यात खरं काय ते ओळखतो आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

वेळेखालोखाल अडथळे असे: मोठ्या कंपनीत प्रत्येक खुर्चीला वरची मंजुरी लागते. गोपनीय माहिती बाहेर जाईल ही धास्ती असते. कारखान्यात आणि बांधकामावर अपघाताची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न असतो. आणि कित्येक ठिकाणी आधीचा कडू अनुभव असतो: पाचव्या आठवड्यात मुलगा ‘परीक्षा आहे’ म्हणून गेला तो परतलाच नाही. यातला शेवटचा दोष बहुतेकदा विद्यापीठाचाच, कारण इंटर्नशिपच्या मधोमध अंतर्गत परीक्षा ठेवणारं वेळापत्रक त्यानेच बनवलेलं असतं.

यादी कुठून आणायची

दहा जागा हव्या असतील तर किमान ४० नावांपासून सुरुवात करा. इंटरनेटवरून काढलेली ४०० नावं कामाची नाहीत. ओळखीचा एक धागा असलेली नावं हवीत, आणि ती विद्यापीठातच विखुरलेली असतात: पाच ते दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेले माजी विद्यार्थी (कालच पास झालेल्यांच्या हातात अजून निर्णय नसतात), प्राध्यापक ज्यांना सल्ला देतात त्या कंपन्या, प्रयोगशाळेला यंत्रं आणि रसायनं पुरवणारे विक्रेते, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर सांभाळणारे, परीक्षक म्हणून येणारे उद्योगातले लोक. विद्यापीठ ज्यांना दरवर्षी बिलं चुकतं करतं, त्यांच्याकडे विद्यार्थी पाठवायचं कुणाला सुचत नाही, हे नवलच.

दुसरी चांगली खूण म्हणजे एकाच कनिष्ठ पदाची जाहिरात पुन्हा पुन्हा देणारी कंपनी. तिथे काम आहे आणि माणूस टिकत नाही. का टिकत नाही हे मात्र आधी चौकशी करून घ्या. विद्यार्थ्याला तिथे पाठवण्यासारखी जागा आहे का, ते त्या उत्तरावर ठरेल. सरकारी कार्यालयं, रुग्णालयं, संग्रहालयं, स्वयंसेवी संस्था यांनाही यादीत ठेवा. कला आणि सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांसाठी चांगल्या जागा बहुधा इथेच निघतात.

यादी एकाच तक्त्यात ठेवा: कंपनी, माणूस, पद, ओळखीचा धागा, शेवटचा संपर्क कधी व कोणी केला, काय ठरलं, पुढचं पाऊल कोणत्या तारखेला. रकाने कंटाळवाणे आहेत, पण त्यांच्याशिवाय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकाच कंपनीला एका महिन्यात चार विभागांचे चार फोन जातात, प्रत्येक जण वेगळी तारीख आणि वेगळी अट सांगतो, आणि कंपनी चौघांनाही नाही म्हणते. प्रत्येक कंपनीसाठी विद्यापीठाकडून एकच माणूस ठरवा. बाकीच्यांनी त्याच्यामार्फतच जायचं.

कोणाला गाठायचं, काय लिहायचं

एचआरकडे आधी जाऊ नका. एचआरला पडून राहिलेलं काम दिसत नाही, त्यांना दिसतात अर्ज. ज्याच्या टेबलावर काम साचलंय त्या विभागप्रमुखाला गाठा. त्याने ‘मला एक माणूस हवाय’ म्हटलं की एचआर कागदपत्रांचा भाग पुढे नेतं. मात्र विभागप्रमुखाचा होकार आला की त्याच आठवड्यात एचआरला सामील करा, कारण डावललं गेल्याची भावना झाली तर फाइल तिथेच बसते. छोट्या कंपनीत थेट मालकालाच भेटा.

पहिला ईमेल १५० शब्दांच्या आत हवा आणि त्यात एकच मागणी हवी. असा:

‘नमस्कार. आमच्या संख्याशास्त्र विभागाचे तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी १२ आठवडे पूर्णवेळ कामाच्या अनुभवासाठी उपलब्ध असतात. तुमच्या विभागातल्या (ओळखीच्या व्यक्तीचं नाव) यांच्याकडून कळलं की ग्राहक-तक्रारींच्या नोंदींचं विश्लेषण बरेच दिवस मागे पडलं आहे. अशा कामाला आमचा विद्यार्थी उपयोगी पडेल का, हे पाहण्यासाठी २० मिनिटं बोलता येईल का? मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी मी फोन करू शकते. विद्यार्थी निवडण्याचा निर्णय पूर्णपणे तुमचा राहील.’

यात विद्यापीठाचा इतिहास नाही, मानांकन नाही, माहितीपुस्तिका जोडलेली नाही, कुलगुरूंच्या सहीचं पत्र नाही. ते सगळं मागितलं तर द्या. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या किंवा चौथ्या कामकाजाच्या दिवशी फोन करा, आणखी एका आठवड्याने शेवटचा. त्यानंतर सहा महिने थांबा.

वीस मिनिटांची भेट

या भेटीत तुम्ही कमी बोलायचं. विचारण्यासारखं बरंच आहे. वेळ मिळाला तर करू, असं म्हणून कोणतं काम ठेवून दिलंय? तुमचा सगळ्यात अनुभवी माणूस कोणत्या कामात वेळ घालवतो, जे त्याने करायची गरज नाही? कोणती पद्धत फक्त एकाच्या डोक्यात आहे आणि कुठे लिहिलेली नाही? वर्षातल्या कोणत्या महिन्यांत कामाचा ताण दुप्पट होतो? आणि बाहेरच्या माणसाने कशाला हात लावलेला अजिबात चालणार नाही?

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. गोपनीयतेची भीती कंपनीने मनात ठेवण्यापेक्षा तुम्हीच टेबलावर आणलेली बरी, आणि त्या उत्तरातून कामाची हद्दही ठरते.

विद्यार्थ्यासाठी कोणतं काम चांगलं? तातडीचं नसलेलं, पण खरं. उद्या ग्राहकाला द्यायचं काम विद्यार्थ्यावर सोपवलं तर दोघांचेही हाल होतात. उलट कोणालाच नको असलेलं, केवळ गुंतवून ठेवण्यासाठी दिलेलं काम विद्यार्थी दोन दिवसांत ओळखतो. मधली जागा मोठी आहे: दोन पर्यायांची तुलना करून अहवाल, जुन्या नोंदींची साफसफाई आणि त्यातून काढलेले निष्कर्ष, एखाद्या यंत्राच्या बंद पडण्याच्या कारणांची वर्गवारी, कामाच्या पद्धतीची लिखित पुस्तिका, नव्या कल्पनेचा कच्चा नमुना.

भेटीनंतर दोन दिवसांच्या आत तुम्हीच एक पानी कामपत्रक लिहून पाठवा. कंपनीला ‘जॉब डिस्क्रिप्शन पाठवा’ म्हणालात तर ते तीन आठवड्यांनी येईल, किंवा येणारच नाही. पानावर एवढं असावं: तीन-चार कामं, शेवटी हातात काय पडेल, सुरुवातीला काय यायलाच हवं आणि काय तिथे शिकता येईल, मार्गदर्शक कोण आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण, ठिकाण, वेळ, साधनं, विद्यावेतन, निवडीची शेवटची तारीख.

कंपनीने सुधारून पाठवलेल्या पत्रकात नुसतं ‘मार्केटिंग विभागाला मदत’ असेल तर ते परत फिरवा. ‘मागच्या २४ महिन्यांतल्या ग्राहक-तक्रारींची कारणांनुसार वर्गवारी करणे, सर्वाधिक वारंवार येणारी पाच कारणं शोधणे आणि दहाव्या आठवड्यात विभागासमोर मांडणे’ हे चालेल. दुसरं वाक्य वाचून विद्यार्थ्याला अर्ज करावासा वाटतो आणि मार्गदर्शकाला पहिल्या सोमवारी काय द्यायचं ते कळतं. पात्रतेच्या रकान्यात कंपन्या अनेकदा पाच वर्षं अनुभवी माणसाची यादी उतरवतात. ‘यातलं पहिल्या दिवशी नसेल तर कामच सुरू होणार नाही, असं काय?’ असं विचारलं की दहातले दोन-तीन मुद्दे उरतात.

उलटं मोजलेलं वेळापत्रक

रुजू होण्याच्या तारखेपासून मागे मोजत या. २४ आठवडे आधी यादी पक्की आणि संपर्क सुरू. १६ आठवडे आधी कामपत्रकं हातात. १२ आठवडे आधी विद्यार्थ्यांचे अर्ज. १० आठवडे आधी मुलाखती. ८ आठवडे आधी होकार दोन्हीकडून लेखी. ६ आठवडे आधी करारावर सह्या. २ आठवडे आधी संगणक, ओळखपत्र, लॉगिन तयार असल्याची खातरजमा.

यात दोन ठिकाणी गाडं अडतं. पहिलं म्हणजे विद्यावेतनाची तरतूद. ती कंपनीच्या वार्षिक अंदाजपत्रकात बसायला हवी, त्यामुळे तुमचा फोन अंदाजपत्रक ठरण्याआधी गेला पाहिजे. भेटीत ‘तुमचं आर्थिक वर्ष कधी सुरू होतं, मागणी कधी द्यावी लागते?’ हे विचारून तक्त्यात लिहून ठेवा. दुसरं म्हणजे करार. दोन्हीकडचे विधी विभाग गुंतले की सहा आठवडे हां हां म्हणता जातात.

करार: छोटा, तिघांचा

सामंजस्य कराराचा, म्हणजे एमओयूचा, एक वेगळाच संसार असतो. सही होते, फोटो निघतो, बातमी येते, आणि वर्षभर एकही विद्यार्थी जात नाही. एमओयूने काही बिघडत नाही, पण त्यासाठी थांबू नका. एका जागेसाठी दोन पानी, तीन पक्षांचा करार पुरतो: विद्यापीठ, कंपनी, विद्यार्थी. फ्रान्समध्ये तर असा त्रिपक्षीय करार कायद्यानेच बंधनकारक आहे आणि एका शैक्षणिक वर्षात एका ठिकाणच्या इंटर्नशिपला सहा महिन्यांची मर्यादा आहे.

करारात काय हवं? कालावधी, तास, रजा. अपघात विमा कोणाचा, हे नावासह. सुरक्षेचं प्रशिक्षण आणि साधनं कोण देणार. तयार झालेल्या कामाची मालकी कोणाची. मुदतीआधी थांबवायचं असेल तर कोणी कोणाला किती दिवस आधी कळवायचं. छळाची तक्रार कुठे करायची. मालकीच्या मुद्द्यावर विद्यापीठं उगाच ताणतात. कंपनीच्या माहितीवर, कंपनीच्या वेळेत केलेलं काम कंपनीचं, हे सुरुवातीलाच मान्य केलं तर बहुतेक करार आठवड्यात मार्गी लागतात. विद्यापीठाला हवा असतो तो अहवाल. त्यासाठी एक कलम पुरतं: विद्यार्थी अहवालाचा मसुदा कंपनीला दाखवेल, कंपनी पाच कामकाजाच्या दिवसांत गोपनीय भाग काढायला सांगेल, उरलेलं मूल्यमापनाला जाईल. पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर मसुदा मान्य असं समजण्यात येईल, हेही लिहा. नाहीतर अहवाल कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये अडकून विद्यार्थ्याचा निकाल रखडतो.

पैसे

विद्यावेतनाची मागणी संकोचत करू नका. न्यायाचा मुद्दा आहेच: घरभाडं स्वतः भरू न शकणारा विद्यार्थी दुसऱ्या शहरात फुकट काम करूच शकत नाही, मग चांगल्या जागा आपोआप सधन मुलांकडे जातात. पण कंपनीला पटणारं कारण निराळं असतं. जिथे पैसे मोजले जातात तिथे कामाचा हिशेब मागितला जातो, मार्गदर्शक लक्ष घालतो, विद्यार्थीही अर्ध्यात सोडत नाही.

कायदा देशागणिक बदलतो, आणि ‘अभ्यासक्रमाचा भाग आहे’ एवढ्याने सगळीकडे सूट मिळत नाही. ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाच्या अभ्यासक्रमात आवश्यक असलेल्या, एक वर्षापर्यंतच्या कार्यानुभवाला किमान वेतनाचा कायदा लागू नाही. फ्रान्समध्ये इंटर्नशिप दोन महिन्यांहून अधिक असेल तर मोबदला द्यावाच लागतो. अमेरिकेत नफा कमावणाऱ्या कंपन्यांसाठी २०१८ पासून कामगार खात्याची सात मुद्द्यांची कसोटी आहे: या व्यवस्थेचा मुख्य लाभ कोणाला होतो, विद्यार्थ्याला की मालकाला, ते त्यातून पाहतात. तुमच्या देशातला नियम एका परिच्छेदात लिहून, जाणकाराकडून तपासून कंपनीला द्या. हा परिच्छेद एचआरच्या हातात आयता पडला की त्यांचा एक आठवडा वाचतो.

सरकारी सवलती असतील तर त्यांचा अर्ज कसा भरायचा तेही तुम्हीच शिकून घ्या. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात पात्र विद्यार्थी नेमणाऱ्या कंपनीला एका जागेमागे कमाल ३,००० डॉलरपर्यंत कर-सवलत मिळते. ती मिळवायला विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागतं. छोट्या मालकाला अशी योजना माहीत नसते किंवा अर्ज पाहूनच तो मागे हटतो. भरलेला अर्ज समोर ठेवला तर सही करतो.

निवड कंपनीच्या हातात

एका जागेसाठी तीन-चार अर्ज पाठवा, साठ नाही. साठ पाठवले तर छाननीचं काम कंपनीवर पडतं आणि तुमचा कक्ष कशासाठी आहे हा प्रश्न त्यांना रास्तपणे पडतो. पण एकच पाठवून ‘हा घ्या’ असंही करू नका. मुलाखत घेऊन स्वतः निवडलेल्या माणसाबद्दल मार्गदर्शकाला आपलेपणा वाटतो, लादलेल्याबद्दल वाटत नाही. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याच्या दुहेरी विद्यापीठात (जिथे शिक्षण आणि कंपनीतलं काम जोडीने चालतं) तर विद्यार्थ्याला आधी भागीदार कंपनीचा करार मिळवावा लागतो, प्रवेश त्यानंतर. शिक्षणाची आणि कामाची पाळी तिथे साधारण तीन-तीन महिन्यांनी बदलते.

निवड झाली नाही तर कंपनीकडून एका ओळीचं कारण मागून घ्या. पुढच्या वेळी कोणाला पाठवायचं ते त्यातून कळतं. आणि होकार दिलेला विद्यार्थी दुसरी जागा मिळाली म्हणून फिरला, तर त्यासाठी नियम आधीच लिहिलेला हवा: एकदा लेखी होकार दिला की दुसरीकडे अर्ज बंद. या एका गोष्टीने जितक्या कंपन्या दुरावतात तितक्या नापास विद्यार्थ्यांनी दुरावत नाहीत.

पाठवण्याआधी अर्ध्या दिवसाची तयारी करून घ्या. गैरहजर राहणार असाल तर कोणाला, केव्हा कळवायचं. कंपनीची माहिती स्वतःच्या ईमेलवर का पाठवायची नाही. शंका साठवून ठेवून दिवसातून एकदा कशा विचारायच्या. हातातलं काम संपलं आणि मार्गदर्शक बैठकीत असेल तर काय करायचं. विषयाचं ज्ञान बहुतेकांकडे असतं. अडतं ते या बारीकसारीक गोष्टींवर.

सुरू झाल्यावर

नवव्या दिवशी लॉगिन मिळालेला विद्यार्थी ही सगळ्यात नेहमीची तक्रार. १२ आठवड्यांतले जवळपास दोन असे जातात आणि मार्गदर्शकाच्या मनात ‘हा काही करत नाही’ असं बसतं. म्हणून रुजू होण्याच्या दहा कामकाजाचे दिवस आधी कंपनीला एक छोटी यादी पाठवा: टेबल, संगणक, लॉगिन, प्रवेशपत्र, सुरक्षेची साधनं, पहिल्या तीन दिवसांचं काम, शेजारी बसणारा एक सहकारी ज्याला काहीही विचारता येईल.

प्राध्यापक समन्वयकाने तिसऱ्या आठवड्यात मार्गदर्शकाला फोन करायचा, विद्यार्थ्याला वेगळा. दोघांच्या उत्तरांत फरक असेल तर लगेच भेट ठरवायची. सगळं ठीक असेल तर सहाव्या-सातव्या आठवड्यात अर्ध्या तासाची भेट पुरते. दुसऱ्या आठवड्यात बिघडलेलं काम बाराव्या आठवड्यातल्या फॉर्ममधून कळून उपयोग नाही.

मूल्यमापनाचा फॉर्म एका पानाचा ठेवा. चाळीस मुद्द्यांचा फॉर्म पाठवला की मार्गदर्शक सगळीकडे ‘उत्तम’ वर खूण करून मोकळा होतो. आठ मुद्दे, आणि एक खुला प्रश्न: ‘उद्या जागा असती तर याला ठेवून घेतलं असतं का? का?’ त्या उत्तरात सगळं येतं.

बिघडतं ते बहुधा चार प्रकारे. विद्यार्थी येईनासा होतो: त्याच दिवशी त्याला फोन, दुसऱ्या दिवशी कंपनीला तुमच्याकडून फोन, कंपनीने विचारायची वाट पाहायची नाही. काम झेरॉक्स काढण्यावर येतं: कामपत्रक समोर ठेवून मार्गदर्शकाशी बोला. बहुतेकदा ठरलेलं काम आधीच संपलेलं असतं आणि पुढचं सुचत नसतं, म्हणून पत्रकावर राखीव काम एक लिहून ठेवावं. मार्गदर्शक नोकरी सोडून जातो: यासाठीच पत्रकात दुसरं नाव होतं. छळ किंवा असुरक्षित काम: विद्यार्थ्याला त्याच दिवशी तिथून काढा, श्रेयांकांचं नुकसान होणार नाही याची लेखी हमी द्या, मग चौकशी. कंपनी किती मोठी आहे हे इथे पाहायचं नाही.

तीच जागा पुन्हा

नव्या कंपन्या शोधण्यात जेवढी ताकद जाते त्याच्या निम्म्यातही जुनी जागा टिकवता येते. संपल्यावर दोन आठवड्यांत मार्गदर्शकाला पत्र लिहा, त्यात विद्यार्थ्याने नेमकं काय केलं आणि काय शिकला ते दोन वाक्यांत. प्रत त्याच्या वरिष्ठाला. देखरेखीच्या त्या ४० तासांची दखल कंपनीत क्वचितच घेतली जाते, तुमच्या पत्राने ती घेतली जाते. त्याच पत्रात पुढच्या सत्राची तारीख विचारा. आठवण ताजी असताना मिळालेला होकार सहा महिन्यांनी मिळत नाही.

सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये ‘को-ऑप’ शिक्षणाची, म्हणजे आळीपाळीने वर्ग आणि काम अशी पद्धत सुरू केली तेव्हा विद्यार्थी एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात जात. दोन गट आळीपाळीने. एक गट वर्गात परतला की दुसरा कारखान्यात हजर. हा हिशेब आजही लागू पडतो, कारण मालकाला हवी असते न थांबणारी जागा. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये याच पद्धतीवर उभं राहिलं आणि तिथे आज कामाची व अभ्यासाची सत्रं चार-चार महिन्यांची असतात, त्यामुळे वर्षभर कोणी ना कोणी विद्यार्थी उपलब्ध असतो. तुमच्याकडे सगळ्या शाखा एकाच उन्हाळ्यात बाहेर पडत असतील तर वर्षातले नऊ महिने कंपनीला तुमच्याकडून काहीच मिळत नाही. दोन शाखांची सत्रं जरी वेगळी ठेवता आली तरी एका जागेवर वर्षातून दोन विद्यार्थी बसतात. जाणारा आणि येणारा यांच्यात तीन दिवसांची गाठ पडेल असं पाहा. मार्गदर्शकाचे पहिल्या दोन आठवड्यांतले बरेच तास जुना विद्यार्थीच वाचवतो.

छोट्या कंपन्या आणि पहिलं पाऊल

पाच-दहा माणसांच्या कंपनीला थेट १२ आठवडे मागितले तर मालक घाबरतो. त्याच्यासाठी पायऱ्या लहान ठेवा. आधी एका तासाचं वर्गातलं व्याख्यान. मग चार विद्यार्थ्यांच्या गटाला कंपनीचा एक खरा प्रश्न, प्रत्येकी ४० तासांत, विद्यापीठातच बसून सोडवायला. त्या गटातला एखादा मुलगा किंवा मुलगी मालकाच्या नजरेत भरते, आणि मग तोच विचारतो, ‘हिला उन्हाळ्यात पाठवाल का?’ दोन छोट्या कंपन्यांनी मिळून एक विद्यार्थी घेणं, आठवड्याचे तीन दिवस इथे आणि दोन तिथे, हेही जमतं, फक्त मूल्यमापनाचा मार्गदर्शक एकच ठरवा.

आणि ‘फुकटात मनुष्यबळ’ हे शब्द कोणत्याही पत्रात, भाषणात, कोणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. ते ऐकून जी कंपनी येते ती विद्यार्थ्याला तसंच वागवते.

वर्षाअखेरीस कुलसचिवांना अहवाल द्याल तेव्हा किती एमओयू झाले हा आकडा खाली ढकला. वर दोन आकडे ठेवा: गेल्या वर्षीच्या किती जागा यंदा पुन्हा मिळाल्या, आणि किती मार्गदर्शकांनी स्वतःहून फोन केला.